दक्षिणेकडच्या चकत्या

द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यातल्या त्या लेसर प्रयोगशाळेत लॉर्ना सिल्वेरा ‘चकत्यांची बाई’ म्हणूनच ओळखली जाई. मिरीच्या दाण्याएवढ्या इंधनगोळीवर चहूबाजूंनी लेसर पडले, की गोळी दबून आत निमिषभर सूर्य पेटायचा. आत डोकावायची सोय नव्हती. बाहेर सुटलेले न्यूट्रॉन आणतील तीच बातमी. ते टिपायला लॉर्ना गोळी ठेवलेल्या पोलादी गोलाभोवती झिर्कोनियम धातूच्या चकत्या लावी आणि लेसरचा बार झाला की न्यूट्रॉन आदळून त्यांच्यात आलेला किरणोत्सार मोजी.

दक्षिणेकडच्या चकत्या कायम कमी भरत. जुन्या झाल्यात, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांचे आकडे वाढवून इतरांशी जुळवायची रीतच पडली होती आणि लॉर्नाही मुकाट्याने ती पाळत आली होती. पण विभागप्रमुख गार्थ प्रुइटने चकत्या कायमच्या बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिला राहवलं नाही. तिची सगळी नोकरी त्या चकत्यांवर गेली होती.

“गार्थ, चकत्या खोटं बोलत नसतील तर? गोळीचं कवच दक्षिणेला जाड राहत असेल, न्यूट्रॉन तिथेच अडखळत असतील.”

“मग दक्षिणेच्या चकत्या उत्तरेला लाव,” प्रुइट म्हणाला. “तिथेही कमी भरल्या, तर तू आणि तुझ्या चकत्या दोघी सुट्टीवर.”

तिने अदलाबदल केली. बार झाला. उत्तरेला गेलेल्या जुन्या चकत्या ठणठणीत भरल्या आणि दक्षिणेला आलेल्या कमी. प्रुइटने आकडे दोनदा वाचले आणि गोळी वाकडी दबतेय हे सरळ मान्य केलं. लेसरांचा तोल नव्याने जुळवायचं काम त्याने स्वतः अंगावर घेतलं.

प्रत्येक बार उडवण्याआधी किती न्यूट्रॉन सुटतील याचा अंदाज जो तो फळ्यावर लिही आणि ज्याचा सगळ्यात चुकेल त्याने डोनट आणायचे. लॉर्ना नेहमी वाजवीपेक्षा मोठा आकडा लिही, म्हणून डोनटवाल्याशी तिची चांगली ओळख होती. तोल जुळवल्यानंतरच्या या खेपेलाही तिने सर्वांत मोठा आकडा लिहिला. प्रुइटने सर्वांत लहान.

“पैसे सुटे ठेव,” तो म्हणाला.

बार झाला. चकत्या मोजून झाल्या. उत्तर, दक्षिण, वर, खाली, सगळ्या एकसारख्या. आणि न्यूट्रॉन इतके, की लॉर्नाचा आकडाही तोकडा पडला. आजवरच्या सगळ्या बारांवर या बाराने मात केली होती. नियंत्रण कक्षात लोक खुर्च्यांवरून उठून एकमेकांना मिठ्या मारत होते. कुणीतरी लॉर्नाला मधोमध ओढलं.

गर्दीतून वाट काढत प्रुइट तिच्यापाशी आला. चकत्या बंद करायच्या गोष्टीचं त्याने नावही काढलं नाही. खिशातून गाडीची किल्ली काढून त्याने विचारलं, “तुझ्या त्या दुकानात दालचिनीचे चांगले मिळतात की साधे?”

“दालचिनीचे,” लॉर्ना म्हणाली, “आणि माझं नाव सांग, एक जास्त देईल.”