पालेर्मोच्या कारंज्यापाशी थांबलेले विश्वासराव

आमच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमध्ये फिरलेली बातमी अशी होती : विश्वास मोघ्यांनी बायकोला भर क्रूझमध्ये वाऱ्यावर सोडलं आणि स्वतः इटलीत एका बाईपाशी राहिले. चौथ्या मजल्यावरच्या हळदीकुंकवात तर त्या बाईचे केसही सोनेरी झाले होते. बातमी माझ्या दारातून निघाली तेव्हा तिच्यात बाई नव्हती, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

खरं ऐकायचंय? बाया होत्या, पण दगडाच्या. आणि एक नव्हे, चांगल्या डझनभर. आणि सोडून कुणी गेलंच असेल, तर मीनल गेली. विश्वासराव जागचे हललेच नाहीत. सगळा घोटाळा तोच.

मोघे आमचे सख्खे शेजारी. यंदा निवृत्त होईपर्यंत जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम करायचे. अलार्म वाजला की सगळ्यांना असेंब्ली पॉइंटवर गोळा करायचं, डोकी मोजायची, आणि हिशेब जुळेपर्यंत कुणाला हलू द्यायचं नाही. हे काम त्यांनी घरीही आणलं. लिटल इंडियात कोथिंबीर आणायला निघाले तरी लिफ्टमध्येच सांगणार, "मीनल, चुकामूक झाली तर फुलवाल्याच्या खांबापाशी. आणि तिथून हलायचं नाही." मीनल बिचारी "हो" म्हणते. मी मागून विचारते, "भावजी, आणि फुलवालाच हलला तर?" त्यावर ते खरोखर विचारात पडतात.

बाकी आयुष्य कंपनीच्या बसचं. बस ब्लॉकखाली यायची, ठरलेल्या सीटवर बसले की डोळे मिटायचे, उघडायचे ते प्लांटच्या गेटपाशी. जाग आल्यावर आपण कुठे आहोत, हा प्रश्न या माणसाला उभ्या जन्मात पडला नव्हता.

आणि लेकीने, पुंगोलच्या अदितीने, निवृत्तीची भेट म्हणून आईबाबांना दिली काय, तर भूमध्य समुद्रातली क्रूझ! रोज उठावं तर खिडकीबाहेर नवं गाव.

पहिल्या दिवशी बार्सेलोना. तिथपर्यंत ठीक होतं. दुसऱ्या दिवशी उठून बाल्कनीत गेले आणि घाबरून आत आले.

"मीनल, समुद्र काल या बाजूला होता."

"समुद्र आहे तिथेच आहे हो. बोट वळलीय. आज मार्सेय."

"म्हणजे स्पेनमध्येच ना?"

"फ्रान्स! चहा घ्या आधी."

त्यानंतर जिनोआ आलं, नेपल्स आलं, आणि विश्वासरावांच्या डोक्यात सगळ्यांचा मिळून पातळ रस्सा झाला. प्रत्येक गावात एक चर्च, एक चौक, एक पुतळा, आणि लिंबाचं सरबत विकणारा एक माणूस. तो माणूस सगळीकडे एकच आहे आणि आपल्या मागावर आहे, अशी शंकाही त्यांनी मीनलला बोलून दाखवली. तरी नेम चुकवला नाही. रोज नाश्त्याला नकाशा उघडायचा आणि त्या गावचा असेंब्ली पॉइंट जाहीर करायचा. जिनोआत चौकातलं मोठं कारंजं. पालेर्मोत ऑपेरा हाऊसच्या पायऱ्या. फोन मात्र दोघांचे केबिनच्या तिजोरीत, कारण खिसेकापू. सेफ्टी म्हणजे सेफ्टी.

पालेर्मोत एका चर्चमध्ये मीनल छतावरची चित्रं बघत होती आणि हे खांबामागचं आग विझवायचं नळकांडं. त्यावरची तारीख वाचायला वाकले, तारीख इटालियनमध्ये. ती समजून घेण्यात वेळ गेला. सरळ उभे राहिले तर मीनल नाही. एक पर्यटकांचा घोळका तिला दारापर्यंत ढकलत घेऊन गेला होता. बाहेर हे दिसेनात, म्हणून ती शहाण्या बाईसारखी ऑपेरा हाऊसकडे चालू लागली आणि पायरीवर जाऊन बसली.

विश्वासराव कुठे गेले? कारंज्यापाशी. सकाळी पायऱ्या म्हणालो की कारंजं, याचा त्यांना काही केल्या उलगडा होईना. आणि नेमकं समोरच एक भलंमोठं कारंजं आलं. म्हणजे हेच. कारंज्याचा पॉइंट जिनोआचा होता, पालेर्मोचा नव्हे, हे आता मी तुम्हाला सांगतेय. त्यांना कोण सांगणार? त्यात या कारंज्याभोवती दगडी बाया, अंगावर चिंधी नाही. विश्वासराव संकोचून त्यांच्याकडे पाठ करायचे, तर पलीकडे आणखी दोघी. शेवटी म्हणे टोपी नाकावर ओढून उभे राहिले. हळदीकुंकवातली बाई ती हीच.

इकडे मीनलने वाट बघितली. बोट सुटायची वेळ जवळ आली. तिने विचार केला, हे नियमाचे पक्के. वेळ झाली म्हणजे बोटीवर गेले असणार. म्हणून तीही बसने बोटीवर गेली. केबिन रिकामी! खाली काउंटरवर धावली. पोरगी कॉम्प्युटरवर बघून म्हणाली, "तुमचे मिस्टर अजून बाहेर आहेत, मॅडम. येतील, वेळ माहीत आहे त्यांना."

"येणार नाहीत," मीनल म्हणाली. "मी तिथे गेल्याशिवाय ते येणार नाहीत." पण तोवर शिडी उचलली होती.

आणि खरंच, त्याच्या थोडंच आधी कारंज्याच्या चौकात बोटीची एक गाइड मुलगी यांना खेचत होती. "सर, लास्ट बस! शिप विल गो!"

"माय वाइफ नॉट कम."

"मेबी शी इज ऑन द शिप, सर!"

"मेबी? यू काउंटेड?"

तिने मोजलं नव्हतं. रेडिओवर विचारते म्हणाली, तर रेडिओ खरखर करून गप्प झाला. बस सुटत होती. गेले तर बोट मिळणार. पण मीनल मागे या गावात राहिली असेल तर? एकटी, फोनशिवाय? त्यांच्याकडून ऐकलेलं मीनल सांगते, त्या मुलीने त्यांचा दंड धरला होता, तो त्यांनी हळूच सोडवला, तिला "थँक यू" म्हटलं, आणि पुन्हा त्या उघड्या बायांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

बोट गेली. मीनल कठड्याशी उभी राहून पालेर्मोकडे बघत होती. जेवायला गेली नाही. लेकीला फोन केला, लेकीने मला केला : "मावशी, बाबा इटलीत आहेत आणि आई बोटीवर, आय डोन्ट नो हाउ, लाह!" पुढचं ब्लॉकने रचलं.

शेवटी बंदरावरच्या एजंटनेच त्यांना शोधलं. बोटीने त्यांचा पासपोर्ट त्याच्याकडे उतरवून ठेवला होता. बायको बोटीवर आहे हे कळल्यावर ते आधी कारंज्याच्या कठड्यावर बसले आणि मग पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी विमानाने माल्टाला पोचले. धक्क्यावर मीनल काय म्हणाली हे ती सांगत नाही. मी खूप खोदून बघितलं.

परवा खाली कॉफीशॉपमध्ये दोघं कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेत बसले होते. मी खुर्ची ओढली आणि सुरू केलं, "काय भावजी, बायको बोटीवर आणि तुम्ही दगडांच्या पहाऱ्यावर! आख्खा ब्लॉक हसतोय. ती बोटीवर असेल, एवढं साधं सुचलं नाही?"

विश्वासरावांनी कप खाली ठेवला.

"होती, म्हणून हसताय वहिनी. नसती तर?"