रुपचंद आबांचा दांडका

दिवे गेले की आमचं गाव वीज खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. मीही करतो. केळीवाल्याची जीभ उन्हाळ्यात तशीही गोड नसते. पण गल्लीच्या टोकाला ओट्यावर बसलेले रुपचंद आबा दिवे गेले की हात जोडतात आणि म्हणतात, "बरं व्हयनं." नव्या सुना तोंडाला पदर लावून हसतात, म्हाताऱ्याला चळ लागला म्हणतात. दिवे गेले म्हणजे लाइन बंद झाली, आणि लाइन बंद झाली म्हणजे कुठंतरी कुणी वाचलं असेल, एवढाच आबांचा हिशेब आहे. तो त्यांना कसा शिकावा लागला ते या पोरींना माहीत नाही. म्हणून लिहितो.

आमचं हिवरझिरी चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात. गावापासून कोसभर अंतरावर वीज खात्याचं सबस्टेशन आहे. आबा तिथं ऑपरेटर होते. पूर्वी दोन माणसं असत. दुसऱ्याची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलंच नाही, आणि आबा दोन्ही पाळ्या ओढायला लागले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. क्वार्टर सबस्टेशनच्या आवारातच. त्यामुळं त्यांचा संसार म्हणजे ते यंत्रच, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

यंत्र म्हणजे आमच्या गावच्या लाइनचा ब्रेकर. तेलानं भरलेली मोठी लोखंडी टाकी, तिच्या पोटात वीज जोडायचे आणि तोडायचे तांब्याचे पंजे, शेजारी एक खटका. लाइनवर कुठं तार पडली, कुणी चिकटलं, तर त्यानं आपण होऊन त्याच क्षणी वीज तोडायची. एरवी वर्षभर नुसतं उभं राहायचं. खंडेनवमीला आम्ही नांगर-विळे पुजायचो, आबा ब्रेकरला कुंकू लावून झेंडूची माळ घालायचे. त्याला ते 'म्हातारा' म्हणत.

एका पावसाळ्यात म्हातारा अडला. लाइनवर फांदी पडली, घंटी वाजली, पॅनलवरची धोक्याची लाल पताका खाली आली, पण खटका जागचा हलेना. आबांनी हाताशी होता तो कुदळीचा दांडा उचलला आणि खटक्यावर हाणला. धाडकन ब्रेकर पडला, लाइन बंद झाली. आबांनी रीतसर वर कळवलं. मिस्त्री आले, कानशीनं घासून, तेल बदलून गेले. जाताना म्हणाले, याचे भाग आता कुठंच मिळत नाहीत, बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच मोडलं. काही महिने बरे गेले आणि म्हातारा पुन्हा अडला.

त्यानंतर आबांनी कळवणं सोडलं. बाभळीचा एक चांगला दांडका तासून घेतला, टोकाला चिंध्या गुंडाळल्या आणि पॅनलच्या मागं उभा करून ठेवला. ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्याचा सूर जरा बदलला की आबा जेवत्या ताटावरून उठत, आणि घंटी वाजेपर्यंत दांडका खटक्यावर पडलेला असे. आम्हाला वाटे, काय ब्रेकर आहे! चोपड्यापर्यंत कौतुक. प्रत्यक्षात ब्रेकर कधीच मेला होता, त्याच्या जागी आबा काम करत होते. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो आहे. ही नोकरी नव्हती आबा, हा मोठेपणा होता. ते ऐकून घेतात. रागावत नाहीत, याचाच मला जास्त राग येतो.

एकोणनव्वद सालच्या फाल्गुनात नवे साहेब आले. धुळ्याकडचे, तरणे, बोलायला तुसडे. येणार हे आधी कळलं होतं, तेव्हा आबांनी आदल्या दिवशी खटका डिझेलनं धुतला, ग्रीस चोपडलं. मुलगी दाखवायला बसवावी तसा म्हातारा नटवला. साहेबांनी चाचणी घेतली, ब्रेकर पहिल्या फटक्यात पडला. तरी साहेबांनी मान हलवली.

"याचं वय झालं. आज पडला म्हणून उद्या पडेल असं नाही. नवा ब्रेकर मंजूर आहे, धुळ्याच्या स्टोअरमध्ये येऊन पडलाय. चार दिवस लाइन बंद ठेवा, मी बसवून देतो."

चार दिवस! गावात बोंब झाली. सबस्टेशनच्या फाटकाशी आम्ही सगळे केळीवाले जमलो. पुढं होता सुकदेव, आबांचा लहानपणापासूनचा जिवलग. गावाला लागून त्याचा बाग, त्या वर्षी घड असे भरले होते की येणारा-जाणारा थांबून बघे.

"साहेब," सुकदेव म्हणाला, "घड भरी ऱ्हायनात. चार रोज पानी नही भेटनं ते बठ्ठी केळी जळी जाई. पाऊस पडू द्या, मंग महिनाभर बंद ठेवा."

साहेब वैतागले, पण दगड नव्हते. ते आबांकडं वळले. "तुम्ही रोज याच्याजवळ बसता. खरं सांगा, पावसाळ्यापर्यंत निघेल का हा?"

आबांनी सुकदेवकडं पाहिलं. सुकदेवनं हात जोडले होते.

"निंघी जाई साहेब," आबा म्हणाले. "मी शे ना आठे."

साहेबांनी विचारलं होतं ब्रेकरबद्दल, आबांनी उत्तर दिलं स्वतःबद्दल. दांडका तिथंच पॅनलमागं उभा होता. काम आषाढावर गेलं. सुकदेवनं दुसऱ्या दिवशी भलामोठा घड खांद्यावर टाकून क्वार्टरवर नेऊन दिला, आणि गावानं आबांना डोक्यावर घेतलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि मुलगा वाडवडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरतो. आबांनी कित्येक वर्षांत घागर भरली नव्हती. ते काम पुतण्यावर सोडलेलं. त्या वर्षी बहीण भिकुबाई सासरहून आली ती थेट सबस्टेशनवरच गेली.

"भाऊ, औंदा बापनी घागर तू भर. त्या यंत्रले काय तुनाच हात लागस का?"

आबांनी रजा टाकली. बदलीला अमळनेरहून कौतिक नावाचा ऑपरेटर आला. चांगला मिशीवाला, कामाला सरळ माणूस. आबांनी त्याला किल्ल्या दिल्या, चहाची जागा दाखवली. दांडक्याचं सांगावं असं दोनदा मनात आलं, आबा पुढं म्हणाले. पण परक्या माणसापुढं म्हाताऱ्याची अब्रू काढायची कशी? एका दिवसाचा तर प्रश्न होता. दोन-दोन पावसाळे काढलेला म्हातारा एक दुपार काढणार नाही?

घागर भरून झाली. मांडे आणि आमरसाचं जेवण झालं. आबा पुतण्याच्या ओसरीवर लवंडले, वर पंखा फिरत होता. दुपार कलताना एकाएकी वारं सुटलं, पत्रे वाजले, झोक्यावरच्या पोरी किंचाळत पळाल्या. वारं निवलं तसा बाहेर गलका झाला, सुकदेवच्या बागेजवळ तार तुटून पडली.

आबा उठून बसले आणि वर पाहिलं. पंखा फिरतच होता.

तार पडली की पंखा थांबायला हवा. सगळ्या गावात याचा अर्थ फक्त एका माणसाला कळत होता. आबा अनवाणी बाहेर आले. मी माझ्या बागेकडून येत होतो, तिथंच होतो. तार तुटून सुकदेवच्या बागेच्या काटेरी तारेच्या कुंपणावर पडली होती, टोक ओल्या वाफ्यात. वीस-पंचवीस माणसं लांबून बघत होती. आबांनी कुणाची तरी सायकल हिसकावली.

"तारजोडे कोनी जाऊ नका! तार जित्ती शे! मी बंद करी येस!" ओरडतच ते निघाले.

इथंच चुकलं, आणि हे मी आजही म्हणतो. कोसभर पलीकडं एक बटण दाबायला कौतिक होता, त्याचं व्हायचं ते झालं असतं. त्या कुंपणापाशी हात पसरून उभं राहायला मात्र आबांखेरीज कुणी नव्हतं. पण त्यांचे पाय दांडक्याकडंच वळले. इतकी वर्षं दुसरीकडं वळलेच नव्हते.

सुकदेव पलीकडच्या वाटेनं धावत आला तेव्हा आबा दिसेनासे झाले होते. त्याचं वासरू कुंपणाच्या लाकडी खांबाला बांधलेलं, घाबरून दाव्याला हिसके देत होतं. आम्ही ओरडलो, सुकदेव, थांब, तार पडेल शे. त्यानं विचारलं, आबा कुठं. सांगितलं, सबस्टेशनला गेले. त्याबरोबर त्याचा चेहरा मोकळा झाला.

"आबा गया ना, मंग लाईन बंद व्हईच गयी व्हई," तो म्हणाला, आणि दावं सोडायला वाकला.

कोपर कुंपणाला लागलं. पुढचं मी लिहीत नाही.

सबस्टेशनमध्ये घंटी वाजत होती. लाल पताका खाली आलेली, आणि कौतिक बटण दाबून दाबून रडकुंडीला आला होता. आबांनी त्याला बाजूला ढकललं, दांडका घेतला आणि हाणला. धाडकन ब्रेकर पडला. कौतिक पुढं सांगायचा, तेव्हा आबा घामानं निथळत होते आणि हसत होते. वाचलं गाव, असं म्हणाले. तसेच हसऱ्या तोंडानं ते सायकलवरून परत आले, आणि कुंपणाजवळची गर्दी त्यांना वाट करून देऊ लागली. मध्ये मंजुळाबाई, सुकदेवची बायको, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कपाळावर अजून आखाजीचं मोठं कुंकू होतं.

गावानं आबांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. सगळे खात्यावर तुटून पडले, साहेबांची जीप अडवली. चौकशी बसली तेव्हा चारचौघांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, ब्रेकर जुना होता, तेवढंच बोला. आबा आत गेले आणि दांडका टेबलावर ठेवला. पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. साहेबांनी तो उचलला, टोकाच्या चिंध्या बघितल्या. कितीदा फाटून पुन्हा गुंडाळलेल्या होत्या त्या.

"फाल्गुनात मी विचारलं तेव्हा हा कुठं होता?" साहेबांनी विचारलं.

"पॅनलमागं," आबा म्हणाले. त्याच दिवशी ते निलंबित झाले. त्या तुसड्या माणसाचं बरोबर होतं, एवढं मी कबूल करतो. जे यंत्र एका ठरावीक माणसाच्या हाताशिवाय चालत नाही, ते बदलायची वेळ होऊन गेलेली असते. तो माणूस जितका जीव लावतो, तितकं ते उशिरा कळतं.

नवा ब्रेकर वैशाखातच आला. आषाढाची वाट कुणी पाहिली नाही. भर उन्हात चार दिवस लाइन बंद राहिली, आणि आमच्यातला एकही केळीवाला त्याबद्दल बोलला नाही. आबा रोज सकाळी सुकदेवच्या बागेत जाऊन बसत. पानं करपताना बघत. कडा पिवळ्या पडल्या, पानं माना टाकून लोंबली, जमिनीला भेगा गेल्या. आबा उठत, एखाद्या घडाखालचा टेकू सारखा करत, पुन्हा बसत.

लाइन आली त्या सकाळी मीही तिथं होतो. विहिरीवरच्या मोटारीनं आवाज केला आणि पाटात पाणी धावलं. मंजुळाबाई दारं धरायला आल्या होत्या, हातात फावडं, कपाळ मोकळं. एकेका ओळीत त्यांनी पाणी सोडलं, आणि चालत आबांपाशी येऊन थांबल्या. खोडांवरून नजर फिरवली. सगळी उभी होती, घडांसकट.

"चार रोज पानी नव्हतं," त्या म्हणाल्या. "तरी केळी ते जगी गयी, आबा."

त्या पुन्हा दारं धरायला गेल्या. आबा संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते.