न गेलेल्या सहलीचे मार्गदर्शक

मुरुडच्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी भास्कर ठाकूर सरांनी माझ्या हातात वर्तमानपत्राची एक पट्टी दिली. "मॅडम, ओठांपाशी धरा आणि वरच्या बाजूनं फुंका." मी फुंकलं. लोंबणारी पट्टी वर उचलली गेली. "विमान असंच उडतं. थोडंफार," असं म्हणून ते वर्गावर निघून गेले. हीच आमची ओळख.

सर विज्ञान शिकवत. ते कडक होते. उत्तर पाठ करून आलेल्या मुलाला ते खाली बसवत, चुकीचा पण स्वतःचा प्रश्न विचारणाऱ्याला फळ्यापाशी बोलावत. माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर त्यांनी माझे निबंधाचे तास घेतले. मुलांनी त्या महिन्यात बरे निबंध लिहिले, हे मला नमूद केलं पाहिजे.

सरांना ज्यामुळे मी ओळखते, ती गोष्ट मात्र जर्मनीच्या सहलीची आहे. विमानबांधणी आणि विमानशास्त्र यांच्या अभ्याससहलीसाठी आमच्या आठ विद्यार्थ्यांची निवड झाली. सरांनी वर्षभर दर रविवारी त्यांची तयारी करून घेतली. सर स्वतः तोवर विमानात बसले नव्हते. निघायला आठवडा उरला असताना त्या आठांपैकी आफरीनचा व्हिसा नाकारला गेला. पासपोर्टवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं.

तिचे वडील याकूबभाई आगरदांड्याला बोटीवर काम करतात. ते शाळेत आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही जावा. पोरीच्या नशिबात न्हाय."

"मी जात नाही," सर म्हणाले. "तयारी आठ जणांची केली आहे. एकटी तीच घरी बसली, तर ती विज्ञान सोडून देईल. आम्ही दोघं इथून फोनवर सहल बघू."

आम्ही पुष्कळ समजावलं. सर बधले नाहीत. मुलांबरोबर मी जाणारच होते, सरांच्या जागी मुख्याध्यापक आले.

तिकडे एका प्रयोगशाळेत बोगद्यासारख्या लांब खोलीत वारा सोडून विमानाच्या पंखाची चाचणी चालली होती. ठरल्याप्रमाणे मी व्हिडिओ फोन लावला. पलीकडे शाळेच्या प्रयोगशाळेत सर आणि आफरीन होते. ती अडखळत इंग्रजीत बोलली. पंख तिरका करत नेला की त्याला वर नेणारी हवेची उचल वाढते, मग एका मर्यादेपुढे ती अचानक का जाते? तिथल्या अभियंता बाई थांबल्या. त्यांनी फोन काचेला टेकवून ठेवला आणि पंख हळूहळू तिरका करत नेला. पंखावर चिकटवलेले दोरे आधी सरळ होते, मग एकाएकी विस्कटले. "इथे हवा पंखाला सोडते," त्या म्हणाल्या. आमच्यातले सातही जण पुढे सरकले. हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

परतल्यावर मी विचारलं, "सर, वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. दोन दिवस जेवण गेलं नाही," ते म्हणाले आणि वह्या तपासू लागले.

आफरीन आज पुण्यात विमान अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

सर साठ वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि आता कुणाचीही जबाबदारी न घेता त्यांनी एकदा खिडकीपाशी बसून दूर देशी जावं. हे वाचून ते माझ्यावर रागावतील. तरी लिहिते.