सासूबाईंची बुरशी

जावयाचे लाड करणाऱ्या सासूबाई जगात पुष्कळ असतील. पण जावयाची नखं तपासून मगच त्याला उंबऱ्याच्या आत घेणारी सासू त्रिखंडात एकच आहे, आणि ती माझ्या वाट्याला आली आहे. लग्नानंतर पहिल्यांदा खंडाळ्याला गेलो तेव्हा कुणीतरी भाकरतुकडा ओवाळून टाकेल, पायांवर पाणी घालेल, अशा समजुतीत मी दारात उभा होतो. सासूबाई आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि मुलीला म्हणाल्या, "हात बरे आहेत गं. बोलतात का फार?" बायको म्हणाली, "फार." "मग तोंड बांधू," असं म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं, विनोद असेल. चहा यायच्या आत माझ्या तोंडावर फडकं होतं.

सासूबाईंनी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात, गुडघ्यांविषयी बोलतात. यांनी बंगल्याच्या गॅरेजमधून गाडी बाहेर हाकलली, भिंतींना चुना फासला आणि पाटी लावली : 'लॅब. सर्वांसाठी खुली. शिक्षणाची अट नाही.' लगेच गल्लीतले एक आजोबा लघवीची बाटली घेऊन हजर! दुसरं कुणी असतं तर पाटी बदलली असती. सासूबाईंनी आजोबांना स्टुलावर बसवलं, बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना रीतसर शिकवलं आणि निघताना सांगितलं, "उद्या डबक्यातलं पाणी आणा. त्यात जास्त वर्दळ असते." आजोबा दुसऱ्या दिवशी डबक्यातलं पाणीही घेऊन आले.

लॅबचं मुख्य काम अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं. अळिंबी ही मुळात बुरशीच, आणि खंडाळ्यात पावसाळ्यात बुरशी कशावर येत नाही तेवढंच विचारा. चपलांवर येते, लग्नाच्या अल्बमवर येते, निरांजनातल्या वातीलासुद्धा येते. अशा गावात बसून सासूबाईंना हवी असते एकच, अळिंबीची पांढरीशुभ्र बुरशी. बाकीची एकही नको. बटाट्याच्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास घालून ते कुकरमध्ये शिजवायचं, काचेच्या पसरट डब्यांत थिजवायचं आणि स्पिरिटच्या दिव्याशेजारी, श्वास रोखून, अळिंबीचा तांदळाएवढा तुकडा सुईने त्यावर ठेवायचा. हात हलला किंवा कुणी शिंकलं, की चार दिवसांत डबीत हिरवं कुरण. "आई, हे म्हणजे धबधब्याखाली बसून पापड वाळवणं आहे," असं मी एकदा म्हणालो. "इथे वाळले तर कुठेही वाळतील," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या वडिलांनी या शास्त्रात मोलाची भर घातली. एकादशीच्या दिवशी ते खंडाळ्याला आले, फ्रिज उघडला आणि बटाटा, साखर, चायना ग्रास, म्हणजे उपासाचाच खरवस, अशा हिशेबाने त्यांनी दोन डब्या चमच्याने साफ केल्या. वर "विहीणबाई, वेलदोडा विसरलात," असंही सांगितलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. आम्हाला वाटलं, व्याह्यांच्या पोटाची काळजी. त्यांनी विचारलं, "बाकीच्या डब्यांची झाकणं उघडली नाहीत ना?"

इथला नियम असा, की काल शिकला त्याने आज आलेल्याला शिकवायचं. त्या नियमाने मी मावळातल्या तिकोणा पेठ गावच्या भाऊंच्या हाताखाली आलो. भाऊंचं गुलाबाचं पॉलिहाउस. रिसॉर्टवाल्यांना गुलाबाबरोबर अळिंबीही पुरवावी म्हणून ते शिकायला आले आणि मग गुरुपणाची चटकच लागली. मी सोमाटण्याला, गाडीने तासाभरावर, राहतो, त्यामुळे 'लांब पडतं' ही सबबही चालायची नाही. दर रविवारी भाऊ माझ्या खांद्यावरून डोकावत : "जावईबापू, दम सोडू नगा. तुमच्या नाकातनं आख्खं सोमाटणं भाईर पडतंय!"

डबी बिघडली की सासूबाई सगळ्यांना गोल बसवत. मधे हिरवी डबी. "हिचा बाप कोण, शोधा." मग कोण खोकलं, कोणी झाकण तिरकं धरलं, याची चौकशी चाले. भाऊ हात वर करत, "माझीच हाय, बाई. मधी फोन आलता." त्यांना कुणी रागावत नसे. तेवढ्यापुरतं लॅबचं अडतही नसे, कारण सासूबाईंनी भरलेली डबी कायम स्वच्छ निघे आणि आमची पुढची सगळी लागवड तिच्यावर चाले.

गेल्या वर्षी सासूबाईंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीतला चहा सांडला, मग दिव्याशेजारी सुई हलली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा हात पूर्वीसारखा होणार नाही हेही सांगितलं. सासूबाईंनी आम्हाला गोल बसवलं. मधे या वेळी डबी नव्हती. "हात गेला माझा," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत तुमच्यापैकी एकाची तरी डबी स्वच्छ निघाली, तर लॅब चालेल. नाहीतर गाडी पुन्हा आत घेते. बिचारी पावसात गंजतेय." मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या गॅरेजातून पळायचे बहाणे शोधले, तेच बंद होणार म्हणताच मी कुणी न सांगता तोंडाला फडकं बांधलं.

मग आम्ही हिरवीच शेती केली. श्रावण हिरवा गेला, गणपती हिरवे गेले. भाऊंनी फोन घरी ठेवायला सुरुवात केली, तरी हिरवं. नवरात्रात एका रविवारी मी लॅबमध्ये पाय टाकतोय तोच भाऊ ओरडले, "बाई, भाईर या! जावईबापूंची पांढरी फट्टाक हाय!"

सासूबाईंनी माझी डबी उजेडात धरायचा प्रयत्न केला. ती हलायला लागली, तेव्हा भाऊंनी धरली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "त्या दिवशी घसा बसला होता वाटतं तुमचा," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठी शाबासकी त्या घरात कुणाला मिळालेली नाही.

आता यातला तुकडा बाटलीत, चायना ग्रास न घातलेल्या बटाट्याच्या पाण्यात वाढवायचा होता, आणि ती बाटली सारखी हलती ठेवावी लागते. कॉलेजात त्याला यंत्र असतं. मी म्हणालो, "आई, यंत्र मागवू या."

"कशाला? आणा इकडे." त्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि बाटली उजव्या हातात घेऊन हात मांडीवर ठेवला. पाणी हलायला लागलं. त्यात पांढरे कण हळूहळू फिरू लागले.

"बाई, दमला तर सांगा," भाऊ म्हणाले.

"दमायला मी कुठे काय करतेय?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबुवा, बघत काय बसलात? पुढची डबी भरा."

मी आत जाऊन दिवा पेटवला. हात माझाही हलत होता. तो थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग झाकण उघडलं.