आईनं हाक मारू नये अशी विहीर

तंजावूरहून ओरत्तनाडूकडे जाणारी बस सुटली तेव्हा मी मजेत होते. विहिरीत हाक मारली की दूर गेलेल्या माणसाची खुशाली कळते म्हणे! असली गंमत मी सोडते होय?

मी साताऱ्याहून पाहुणी आलेली; शेजारी माझ्या यजमानीण अंबुजाबाई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, घराणं मराठ्यांच्या राज्यात इथे आलेलं. त्यांचा रघू मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. मांडीवरची फुलांची पुडी त्यांच्या हातात चुरगळून गेली होती.

कालव्याकाठी उतरून भाताच्या बांधावरून चालताना माझी एक चप्पल चिखलात रुतली, ती गेलीच. तशीच लंगडत नारळीच्या राईतल्या केणीपाशी (विहिरीपाशी) पोचले. भर दुपारी तिथे अंगावर काटा येईल असा गारवा होता.

"आडी मासांत (आषाढाच्या सुमारास) शुक्रवारीं बायका येतात," फुलं वाहत अंबुजाबाई म्हणाल्या. "गेलेल्याचें नांव घेऊन हाक मारायची. फिरून आली तर तो सुखरूप."

"मग मारा की!"

"आईनें मारूं नये. आईची हाक ऐकली तर तो असेल तसा निघून येतो. परक्यानें मारावी. म्हणून तुम्हांस आणलें."

मी वाकले. आधी उगाच ओरडले, "कुणी आहे का?"

"कुणी आहे का?" विहिरीनं स्वच्छ परत दिलं.

मला हसू आलं. हसतच हाक मारली, "रघू!"

काहीच आलं नाही. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

अंबुजाबाईंनी मला बाजूला सारलं. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला आणि त्या कठड्यावर ओणवल्या.

"रघू, ये रे बाळा. असशील तसा ये."

वारा नव्हता, तरी खाली पाणी हललं.

घरी जेवताना त्यांनी केळीचं एक पान जास्त मांडलं. चिंचेचा भात आधी त्यावर वाढला.

साताऱ्याला परतले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "आला हो माझा रघू! बोलत नाहीं फार, पण आला. घ्या, बोला त्याच्याशीं."

मला भरून आलं. "रघू, कसा आहेस?"

पलीकडे पाणी ठिबकत होतं. मग हाक ऐकू आली, "रघू!" माझ्याच आवाजात, हसत मारलेली. विहिरीनं त्या दिवशी परत न दिलेली.

अंबुजाबाईंना मी काही सांगितलेलं नाही. त्या रोज दोन पानं मांडतात आणि सुखात आहेत. मी मात्र आता घरात कुणालाच नावानं हाक मारत नाही.