काकांनी सोडलेली पाल

समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला की काका डावा हात तोंडाशी आडवा धरायचे आणि पुढचा शब्द हळूच सोडायचे. माणूस ओळखीचा की अनोळखी, हे बघत नसत. एकदा सुपरमार्केटात एक बाई काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "मला ते हवंय, ते आपलं..." आणि मागच्या रांगेतून खालच्या आवाजात आलं, "यीस्ट." बाईच्या टोपलीत मैदा होता, त्यावरून काकांनी ओळखलं. तिला हवे होते टॉर्चचे सेल. पण काकांच्या आवाजात असं काही होतं की ती यीस्ट घेऊन गेली.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत आम्ही बरोबर काम करायचो. मी मशीनवर, काका इस्त्रीवर. मूळचे रोमानियाचे. तिथे हुकूमशाही होती तेव्हा ते एका सरकारी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. मुलगी नर्स होऊन इकडे आली, तिच्या मागोमाग म्हातारपणी हेही आले.

इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मी नववीतून शाळा सोडलेली, इस्लामपूरकडची बाई. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी "काका" म्हणायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इस्त्री बाजूला ठेवून ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्या भाषेत 'काका' म्हणजे लहान मुलं पॉटीवर बसून जे करतात ते. मी सॉरी सॉरी म्हणत पार भिंतीला टेकले. तसं मी कपड्यांच्या ट्रॉलीलाही सॉरी म्हणते, धक्का लागला तर.

"तुमच्याकडे तो आदराचा शब्द आहे ना, मादाम?" त्यांनी विचारलं.

"हो, अगदी."

"मग चालेल. माझ्या देशाने मला अनादराने यापेक्षा वाईट म्हटलंय."

आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो. त्यांच्याकडे रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा, खड्ड्यावर अर्धं टोपण, आणि आत मांडीवर पुस्तक घेऊन बसलेले काका. त्यामुळे जगातले सगळे राजे त्यांनी जवळून पाहिले ते गुडघ्यापर्यंतच. माणसं ते पायांवरून ओळखत. न्यूझीलंडला आल्यावर पंचाईत झाली. इथे डॉक्टरपासून प्लंबरपर्यंत सगळे उन्हाळ्यात जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या रबरी चपलांत. "या देशात राजा कोण आणि पहारेकरी कोण, काही कळत नाही," ते म्हणायचे. तक्रार होती की कौतुक, मला शेवटपर्यंत समजलं नाही.

दुसरा त्रास इथल्या बोलण्याचा. तुम्हीही ऐकलं असेल, इथली माणसं वाक्याची सुरुवातच "येह, नाह" अशी करतात. काका हात तोंडाशी नेऊन नुसते थांबून राहायचे. "पुढे काय सुचवू? यांचं हो आणि नाही दोन्ही आधीच म्हणून झालंय!"

वरच्या मजल्यावर एक आजी होत्या, त्यांना माणसांचा विसर पडत चाललेला. रविवारी मुलगा भेटायला यायचा. तो जिना चढताना दिसला की काका टॉवेलांची चळत घेऊन आजींच्या खोलीत शिरायचे, कपाटाशी वाकायचे आणि कपाटालाच सांगायचे, "पीटर. मुलगा. निळा स्वेटर." मुलगा दारात आला की आजी म्हणायच्या, "अरे पीटर! निळा किती शोभतो तुला." मुलगा खूश. आजी खूश. त्या एका खोलीत टॉवेल मात्र इतके साठले की कपाटाचं दार लागेना.

चहाच्या सुट्टीत एकदा त्यांनी मला पालीचं सांगितलं. त्यांच्याकडे नाटकाचं पुस्तक आधी सरकारकडून तपासून यायचं. तरी नट मध्येच एखादं वाक्य असं टाकायचे की वरून अगदी भाबडं आणि आतून सरकारला चिमटा. तपासनीस पुस्तक चाळत राहायचा. प्रेक्षकांना बरोबर कळायचं. अशा वाक्याला नाटकवाले म्हणत पाल. फटीतून सुळकन निघून जाते म्हणून.

मी म्हटलं, "आमच्याकडे कुणी बोलत असताना पाल चुकचुकली तर ते बोलणं खरं समजतात. आम्ही बोटांनी टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणतो."

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही पालीची साक्ष धरता? आणि आम्ही तिच्यापायी तुरुंगात जात होतो!"

त्या हिवाळ्यात आमचा मोठा ड्रायर बंद पडला. मॅनेजरबाई तरुण, हसऱ्या, वाईट नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "येतोय, येतोय, स्वीट ॲज!" म्हणजे सगळं मस्त. थंडी वाढली, चादरी वाळेनात, आणि ड्रायरऐवजी बातमी आली: लाँड्रीच बंद करून कपडे बाहेर धुवायला द्यायचा विचार आहे. मीटिंग ठेवलीय, कुणाला बोलायचं असेल त्याने बोलावं.

ह्यांचं गोडाऊनचं काम तेव्हा सुटलेलं, घर माझ्या पगारावर. रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज सरकारकडे पडलेला. लाँड्री गेली तर आम्ही संपलो, आणि बोलायला जावं तर मनात पक्कं बसलेलं की इथे तोंड उघडलं की परत पाठवतात. असा काही नियम नाही हे ह्यांनी दहा वेळा सांगितलं. दहाही वेळा मला पटलं, आणि भीती होती तिथेच राहिली.

"काका, तुम्हीच बोला," मी म्हटलं.

ते दचकले. "मी? उजेडात?"

शेवटी ठरलं, भाषण काकांचं, तोंड माझं. आठवडाभर इस्त्रीच्या टेबलाशी तालीम चालली.

मीटिंग जेवणाच्या हॉलमध्ये होती. चहा-मफिन होते म्हणून आजीआजोबाही येऊन बसलेले. मी उभी राहिले. माझ्या मागे चादरींनी भरलेली उंच ट्रॉली, आणि ट्रॉलीमागे काका. पहिलंच वाक्य मी विसरले.

"आम्ही लाँड्रीतली माणसं," ट्रॉली म्हणाली.

"आम्ही लाँड्रीतली माणसं," मी म्हणाले.

"मोठ्यांदा!"

"मोठ्यांदा!" मीही म्हणाले.

पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "हो, मोठ्यांदाच. मलाही ऐकू येत नाहीये."

मग मात्र गाडी रुळावर आली. कुणाचं लोकरीचं काय, कुणाच्या मोज्याला नाव शिवायला लागतं, बाहेर गेलेलं कार्डिगन परत कसं येत नाही, सगळं बोलले. आणि शेवटी काकांनी त्यात घातलेली पाल. "ड्रायर येणार असं मॅनेजमेंटने सांगितल्यापासून आम्ही लाँड्रीचं दार उघडंच ठेवतो. तो आला आणि बाहेर ताटकळत राहिला असं नको. त्यामुळे आत थोडी थंडी असते, त्याबद्दल क्षमा असावी."

मग हॉल असा हसला की एका आजींची कवळी हातात आली. टाळ्या थांबेनात. मॅनेजरबाई लाल झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे लिहिलं कुणी?"

मागून पुटपुट आली, "सांगा, म्हाताऱ्याने. म्हाताऱ्याने लिहिलं."

काकांचं वाक्य मी म्हटलं नाही असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. "मी," मी म्हणाले. "मीच."

"गुड ऑन यू!" मॅनेजरबाई म्हणाल्या, आणि मलाच मफिनची प्लेट पुढे केली.

घरी जाताना काका आणि मी स्टेशनवर थांबलो. त्यांची वेलिंग्टनकडची गाडी उशिरा होती. काका म्हणाले, "मादाम, तुम्ही संहिता सोडलीत."

"तुमचं नाव कसं घेणार मी?"

"आणि शिक्षा? शिक्षा काय झाली?"

"मफिन दिला."

"एवढंच?"

"ब्लूबेरीचा होता."

मग त्यांनी जे सांगितलं ते तोपर्यंत कधीच सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडच्या एका हिवाळ्यात नाटकगृह गरम करायची सोय सरकारने बंद केली होती. प्रेक्षक ओव्हरकोट, टोप्या, हातमोजे घालून बसलेले. नाटकात मात्र जून महिना. नटाने कपाळ पुसून म्हणायचं होतं, "काय उकडतंय!" त्याने ते म्हटलं. थांबला. आणि पुढे म्हणाला, "असं लिहिलंय."

"आधी कुणी हललं नाही," काका म्हणाले. "मग टाळ्या. हातमोजे घातलेल्या टाळ्या. कुठेतरी शंभर गाद्या झोडतायत असा आवाज. खड्ड्यात माझ्या टोपणावरची धूळ पडली."

दुसऱ्या दिवशी चौकशी. नट म्हणाला, मला खड्ड्यातून तसं ऐकू आलं.

"तुम्ही सुचवलं होतं?" मी विचारलं.

"छे! त्याच्याच डोक्यातलं."

"मग तसं सांगितलं का नाहीत?"

काका जरा लाजले. "वाक्य फार चांगलं होतं हो. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सोडली. हे तुझंच ना, असं कुणी पहिल्यांदा विचारत होतं. मी 'माझंच' म्हणून सही केली."

त्या सहीपायी ते नाटकाबाहेर फेकले गेले आणि एका गिरणीच्या धुलाईखात्यात आले. इस्त्री तिथे शिकले. सही आणि गिरणी यांच्या मधल्या दिवसांबद्दल काही बोलले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत. मी तोवर ती हात तोंडाशी धरायची ढब समजत होते.

गाडी येताना दिसली, तसे ते एकदम माझ्याकडे वळले, संशयाने. "खरं सांगा. मला वाचवायला 'मी' म्हणालात, की टाळ्या आवडल्या?"

खोटं बोलवेना. "दोन्ही," मी म्हणाले. "पण टाळ्या जरा जास्त."

काका समाधानाने हसले. "मग ठेवा. वाक्य तुमचं. मी मेल्यावर मात्र खरं सांगून टाका. तेव्हा मला पकडायला कोण येतंय!"

लाँड्री राहिली. माझ्या भाषणाने राहिली म्हणावं, तर बाहेरच्या लोकांनी दरच जास्त सांगितला, असंही ऐकलं. आमची रेसिडेन्सी झाली. आश्रमात नवीन माणूस आला की त्याला अजून माझी ओळख करून देतात, ड्रायरसाठी दार उघडं ठेवणारी ती हीच. मीही हसून थँक्यू म्हणत आले.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. तर मंडळी, ते दाराचं वाक्य त्यांचं.