दुसऱ्या माणसाला विचारलं नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो — आजही तसंच होईल की काय, ही धास्ती आहेच.

सोलापुरात आमचं एक छोटं व्यापारी साप्ताहिक होतं. सुताचे भाव, भुईमुगाची आवक, गिरण्यांच्या बातम्या. मी त्यात बातमीदार. संपादकांना सगळे तात्या म्हणत. तात्यांचा नियम एकच — एका तोंडची बातमी छापायची नाही. दुसऱ्या माणसाला विचारायचं, आणि त्याच्याकडे आपल्या पायांनी जायचं. ‘आपला अंक वाचून लोक माल उचलतात, पोरींची लग्नं ठरवतात,’ असं ते म्हणायचे. मला तो नियम फार आवडायचा. त्याचाच मी काय उपयोग केला, ते सांगायचं आहे.

एका दुपारी एका गिरणीच्या मॅनेजरांनी मला आत बोलावलं. एरवी मी फाटकाशी उभा राहून बातमी घेणारा माणूस. त्या दिवशी खुर्ची मिळाली, कपबशीतून चहा मिळाला. बोलता बोलता ते म्हणाले, दिवाळी झाली की मालक गिरणी बंद करणार. मग हसून, “तुम्ही समंजस आहात म्हणून बोललो.”

पैसे दिले नाहीत. धमकी नाही. दिली असती तर — तर काय? निदान सांगायला बरं पडलं असतं.

परतीच्या वाटेवर कापसाच्या दलालाचं दुकान होतं. गिरणीनं कापूस उचलणं थांबवलं असेल तर त्याला ठाऊक असणारच. तो दारातच बसला होता. मी सायकलवरून उतरलो नाही. विचारलं असतं तर बातमी पक्की झाली असती, आणि पक्की झाली तर छापावी लागली असती. मग त्या खुर्चीवर मला पुन्हा कोण बसवणार होतं?

तात्यांनी विचारलं, “गिरण्यांकडचं काही?”

“विशेष काही नाही,” मी म्हणालो. एवढंच.

आमच्या शेजारी मल्लय्या राहायचा, त्याच गिरणीत फिटर. अकलूजच्या साखर कारखान्यात त्याला जागा मिळत होती, मेहुण्यानं शब्द टाकला होता. पण इथली पोरांची शाळा, म्हातारी आई — त्याचं मन घुटमळत होतं. एका सकाळी नळावर त्यानं मला गाठलं.

“काय ओ, लोक कायबाय बोलाय लागलेत. तुमच्या पेपरात तर काय न्हाई. म्हंजे चालू ऱ्हाती की गिरणी?”

माझी बादली भरत होती. ती भरल्यावर मी नळ बंद केला. सांगता आलं असतं — नळावर दुसरं कुणीही नव्हतं.

“पेपरात नाही ना? मग झालं तर,” मी म्हणालो.

त्यानं अकलूजला नकार कळवला.

दिवाळीनंतर फाटकाला कुलूप लागलं. अकलूजची जागा तोवर भरली होती. मल्लय्या भिवंडीला निघाला. पोरांची शाळा सुटली, म्हातारीला मोहोळला बहिणीकडे ठेवावं लागलं. निरोप घ्यायला तो दारात आला. आणि मलाच समजावू लागला — “तुमच्या पेपरलाच न्हाई कळलं, तर आमाला कसं कळणार ओ?”

तात्यांनी पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकट टाकली. गिरणी बंद होणार हे आम्हाला वेळेवर कळलं नाही, वाचकांचं नुकसान झालं, चूक संपादकाची आहे. खाली त्यांचं एकट्याचं नाव. मला म्हणाले, “कमी पडलो रे आपण.” त्या ‘आपण’नं आजही झोप उडते. तात्या आता नाहीत. मल्लय्या भिवंडीतच आहे असं ऐकतो. मी गेलेलो नाही.

त्या चौकटीचं प्रूफ तपासायला माझ्याकडेच आलं होतं. दोनदा वाचलं. खाली ‘छापावे’ असं लिहिलं, सही केली आणि मशीनवर पाठवून दिलं.